ड्युटी संपली की पोलिसाचं पिस्तूल जातं कुठे? सुट्टीवरच्या आणि निवृत्त पोलिसांना शस्त्र बाळगता येतं का?

रात्री पावणेअकराची वेळ. दादर स्टेशनवर कल्याणकडे जाणारी लोकल लागते. दारात उभा राहिलेला पन्नाशीचा माणूस साध्या शर्टात आहे. पाठीवरच्या सॅकमध्ये घडी घातलेला खाकी गणवेश, रिकामा डबा, पाण्याची बाटली. पायातले लालसर चामड्याचे बूट तेवढे सांगतात, की हा पोलीस आहे आणि ड्युटी संपवून घरी चाललाय.

शेजारी उभ्या असलेल्याच्या ते लक्षात आलंच, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा: याच्या कमरेला घोडा असेल का? (पिस्तुलाला घोडा म्हणायची ही मुंबईची बोली सिनेमांमुळे आता गावोगावी पोचली आहे.)

बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असतं. हवालदाराला हत्यार मिळतं ते कामापुरतं. पहारा असेल, कैद्याला कोर्टात न्यायचं असेल, बंदोबस्त असेल, तेव्हा शस्त्रागारातून हत्यार आणि मोजून काडतुसं दिली जातात. नोंदवहीत सही होते. काम संपलं की तेच हत्यार, तेवढीच काडतुसं परत जमा. घरी जाताना सोबत असतो फक्त डबा.

हे बरोबर आहे का? ड्युटीवर नसलेल्या आणि निवृत्त झालेल्या पोलिसांनाही शस्त्र जवळ बाळगू द्यावं, तेही देशात कुठेही, अशी मागणी अधूनमधून होते. पोलिसावर कुठे हल्ला झाला की तिला जोर येतो आणि अमेरिकेचं उदाहरण दिलं जातं. म्हणून आधी तिथे नेमकं काय आहे ते पाहू.

अमेरिकेत काय आहे?

अमेरिकेत बंदुकीचे नियम राज्यागणिक बदलतात. एका राज्यात कायदेशीरपणे कमरेला लावलेलं पिस्तूल राज्याची हद्द ओलांडली की गुन्हा ठरू शकतं, आणि पोलिसांनाही ही अडचण यायची. २२ जुलै २००४ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने सेवेतल्या आणि निवृत्त पोलिसांना, ड्युटीवर नसतानाही, कपड्याखाली झाकून पिस्तूल बाळगण्याची देशभर मुभा मिळाली.

आपल्याकडे या कायद्याचा उल्लेख होतो तो इथवरच. त्यातल्या अटी सहसा कोणी सांगत नाही. निवृत्त पोलिसाची सेवा चांगल्या नोंदीने संपलेली हवी. किमान १० वर्षांची नोकरी हवी. २०१० पर्यंत ही अट १५ वर्षांची होती. दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यायची, तीही स्वतःच्या खर्चाने. मानसिक आरोग्याच्या कारणावरून अपात्र ठरवलेल्यांना ही मुभा नाही. दारू किंवा नशेच्या अमलाखाली असताना ती लागू होत नाही. आणि या कायद्याने पिस्तूल बाळगता येतं, अटकेचे अधिकार मिळत नाहीत. निवृत्त माणूस निवृत्तच राहतो.

शिवाय अमेरिकेत सामान्य माणसाच्या हातातही भरपूर बंदुका आहेत. तिथल्या पोलिसाला समोरचा प्रत्येक जण सशस्त्र असू शकतो, असं धरून चालावं लागतं. लालबाग-परळच्या हवालदाराची रोजची परिस्थिती ही नाही.

आपल्याकडे पोलीस 'ऑफ ड्युटी' असतो का?

इथे खरी गंमत आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ सालचा. आधी त्याचं नाव मुंबई पोलीस कायदा होतं. त्याच्या कलम २८ नुसार, जो पोलीस रजेवर नाही आणि निलंबितही नाही, तो या कायद्याच्या दृष्टीने सदैव ड्युटीवर असल्याचं मानलं जातं. कायद्यातला 'पोलीस अधिकारी' हा शब्द शिपायापासून वरपर्यंत सगळ्यांना लागू आहे. १८६१ च्या ब्रिटिशकालीन पोलीस कायद्यातही कलम २२ मध्ये हीच कल्पना होती.

म्हणजे पाळी संपवून कल्याण लोकलमध्ये उभा असलेला आपला हवालदार कायद्याच्या भाषेत ड्युटीवरच आहे. गावच्या जत्रेसाठी रजा टाकून गेलेला त्याचा सहकारी मात्र नाही. पोलीस कुटुंबांना यात नवीन काही वाटणार नाही. गणपतीत घरी आरतीला उभं राहायचं आणि फोन आला की निघायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलंय. मुंबईत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातून सुरू झाला. आठ तासांची पाळी हा 'प्रयोग' असावा लागतो, यातच बरंच काही आलं.

पण सदैव ड्युटीवर याचा अर्थ सदैव सशस्त्र असा होत नाही. शस्त्रांचा कायदा वेगळा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक जवळ ठेवायला परवाना लागतो. कलम ४५ ने काही जणांना यातून सूट दिली आहे आणि त्यात सरकारी नोकर येतात. मात्र ही सूट त्यांनी 'कर्तव्य बजावताना' शस्त्र बाळगण्यापुरती आहे. ती त्या माणसाला नाही, त्याच्या कामाला आहे.

या एका शब्दरचनेत आपली सगळी व्यवस्था सामावलेली आहे. अमेरिकी कायदा म्हणतो, हा माणूस प्रशिक्षित आहे, म्हणून तो जाईल तिथे त्याचं पिस्तूल जाईल. आपला कायदा म्हणतो, हे काम धोक्याचं आहे, म्हणून काम चालू असेपर्यंत हत्यार घ्या आणि नंतर परत करा.

प्रत्यक्षात दर्जाप्रमाणे फरक पडतो. उपनिरीक्षकापासून वरच्या अधिकाऱ्यांच्या नावावर पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर दिलेलं असू शकतं. गुन्हे शाखा किंवा दहशतवादविरोधी पथकात असलेला अधिकारी साध्या वेशात, झाकलेल्या पिस्तुलासह फिरतो, तेव्हा तो बेकायदा काही करत नसतो. पण तोही आदेशावर आणि नेमणुकीवर अवलंबून. ते हत्यार सरकारचं आहे आणि एका काडतुसाचा हिशेब लागला नाही तरी चौकशी लागते.

मग निवृत्त झाल्यावर?

महाराष्ट्रात पोलीस ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, आयपीएस अधिकारी ६० व्या. त्या दिवशी सरकारी हत्यार, ओळखपत्र, सगळं जमा होतं. दुसऱ्या दिवसापासून तो शस्त्र कायद्यासमोर तुमच्याआमच्यासारखाच नागरिक असतो. पिस्तूल हवं असेल तर अर्ज करायचा.

जवळजवळ तुमच्याआमच्यासारखाच, असं म्हणायला हवं. कारण २०१६ च्या शस्त्र नियमांत नियम १२ मध्ये एक खिडकी उघडी ठेवली आहे. परवाना देताना कोणाच्या अर्जाचा विचार करावा, हे त्यात सांगितलंय. सैन्यदलं, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलं आणि राज्य पोलीस दलात सेवेत असलेल्या किंवा पूर्वी सेवा केलेल्या व्यक्तींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. अट एकच: जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी खरोखरची गरज असली पाहिजे. ती गरज आहे की नाही, हे परवाना देणारा अधिकारी ठरवतो.

मुंबईत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे, म्हणजे फाइल क्रॉफर्ड मार्केटच्या आयुक्तालयात जाते. जिथे आयुक्तालय नाही तिथे ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जाते. स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. ज्या ठाण्यात आयुष्य काढलं, तिथलाच एखादा तरुण उपनिरीक्षक आता आपल्याबद्दल अहवाल लिहिणार, हा अनुभव काहींना बोचत असेल. पण नियम तसा आहे आणि तो बरोबरच आहे.

परवाना मिळाला तरी जुनं पिस्तूल परत मिळत नाही. पोलीस वापरतात ते ९ एमएमचं पिस्तूल प्रतिबंधित बोरमध्ये मोडतं, ते सामान्य परवान्यावर घेता येत नाही. खासगी परवानाधारक सहसा .३२ बोरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आहे.

झाकून बाळगण्याबद्दलही एक गैरसमज आहे. लपवून पिस्तूल नेणं म्हणजे काहीतरी काळंबेरं, असं आपल्याला वाटतं. आपल्या नियमांत उलट आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि नेणाऱ्याच्या ताब्यात हवं. ते बाहेर काढून मिरवणं आणि दाखवणं हा नियमभंग आहे. लग्नात आनंदाने हवेत गोळी झाडणाऱ्याला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

'देशभर' हा शब्द अडतो कुठे?

प्रत्येक परवान्यावर त्याची हद्द लिहिलेली असते. कधी जिल्हा, कधी राज्य, क्वचित संपूर्ण देश. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१० मध्ये परवान्यांचं धोरण कडक केलं, तेव्हा देशभर चालणाऱ्या परवान्यासाठी राज्यांनी कोणाचा विचार करावा हेही सांगितलं होतं. केंद्रीय मंत्री आणि खासदार, लष्कर आणि निमलष्करी दलांचे लोक, अखिल भारतीय सेवांतले अधिकारी, देशात कुठेही बदली होऊ शकणारे अधिकारी आणि नेमबाज खेळाडू.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. अखिल भारतीय सेवा म्हणजे आयपीएस आला. भोईवाडा किंवा काळाचौकी ठाण्यात तीस वर्षं काढलेला हवालदार यात कुठे बसतो? त्याची बदली देशभर होत नाही, म्हणून त्याचा धोकाही राज्याच्या सीमेवर थांबतो, असं जणू गृहीत धरलंय.

हद्दीचा नियम कागदी वाटत असेल, तर ८ फेब्रुवारी २०२४ ची दहिसरची घटना आठवा. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असतानाच गोळ्या झाडण्यात आल्या. हल्लेखोराने वापरलेलं पिस्तूल त्याच्या खासगी अंगरक्षकाचं होतं आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता. परवानाधारक वेगळा, वापरणारा वेगळा, परवाना देणारं राज्य वेगळं. हत्यार कायदेशीर होतं, पण ते कोणाच्या हातात आणि कुठल्या शहरात आहे, यावर नजर नव्हती.

आणि असा कायदा महाराष्ट्र सरकारला मनात आणूनही करता येणार नाही. राज्यघटनेत 'पोलीस' हा विषय राज्यांचा आहे, पण 'शस्त्रास्त्रं' हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. निवृत्त पोलिसांना देशभर मुभा द्यायची तर ती संसदेलाच द्यावी लागेल.

मागणीत तथ्य आहे का?

आहे. गणवेश उतरला म्हणून वैर संपत नाही. जनरल अरुणकुमार वैद्य जानेवारी १९८६ मध्ये लष्करप्रमुखपदावरून निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला ते स्वतः गाडी चालवत घरी परतत असताना मोटारसायकलवरून आलेल्या खलिस्तानी अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली. कारण होतं १९८४ चं ऑपरेशन ब्लू स्टार. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो पंजाबचे पोलीस महासंचालक होते. ती जबाबदारी सोडून ते रोमानियात राजदूत झाले, तरी ऑगस्ट १९९१ मध्ये बुखारेस्टमध्ये त्यांच्यावर हल्ला झालाच. मारेकरी युरोपपर्यंत गेले.

ही मोठी नावं. पण मध्य मुंबईत गिरण्यांचे भोंगे बंद पडले त्या काळात, ८० आणि ९० च्या दशकांत, टोळ्यांशी रोजची गाठ पडायची ती खालच्या पोलिसांची. वडाळ्यात जानेवारी १९८२ मध्ये मन्या सुर्वेची चकमक झाली. सप्टेंबर १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयात घुसून टोळीने शैलेश हळदणकरला मारलं, तेव्हा पहाऱ्यावरचे पोलीसही मारले गेले. त्या काळात साक्षी दिलेले, धरपकड केलेले, खबरी सांभाळलेले अनेक पोलीस त्याच वस्त्यांच्या आसपास राहायचे. धोका असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर पोलीस संरक्षण मिळू शकतं, त्याची ओळख असते, त्याचा फोन उचलला जातो. साक्ष दिलेल्या हवालदाराच्या दारात अंगरक्षक उभा राहिल्याचं सहसा दिसत नाही. मला या मागणीतला सगळ्यात खरा भाग हाच वाटतो.

पण अशा हल्ल्यांत कमरेच्या पिस्तुलाने काय साधतं, हेही पाहायला हवं. मोटारसायकल गाडीच्या खिडकीशी येते आणि पुढच्या काही सेकंदांत सगळं संपतं. पिस्तूल बाहेर काढायला तेवढाही वेळ मिळत नाही.

२६/११ काय सांगतो?

या विषयावर कोणी बोललं की २६/११ येतोच. त्या रात्री दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे दादरच्या घरी जेवत होते. फोन आला आणि ते निघाले. 'सदैव ड्युटीवर' या कलमाचा अर्थ यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकणार नाही.

आणि गिरगाव चौपाटी. नाकाबंदीवर स्कोडा गाडी अडवली गेली, तेव्हा तिथल्या मोजक्या अधिकाऱ्यांकडे पिस्तुलं होती, बाकीच्यांच्या हातात काठ्या. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे पुढे झाले आणि त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली. अंगात गोळ्या शिरत असतानाही ती सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. ओंबळे आधी सैन्यात होते. म्हणजे शस्त्राचं शिक्षण घेतलेला माणूस, ड्युटीवर, अतिरेक्यांच्या वाटेवर उभा आणि हातात काठी.

त्याच रात्री सीएसएमटीवर, तेव्हाच्या सीएसटीवर, पोलिसांकडे होत्या त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बनावटीच्या .३०३ रायफली. नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने शस्त्रांच्या आणि सरावासाठी लागणाऱ्या दारूगोळ्याच्या तुटवड्यावर बोट ठेवलं. ड्युटीवर असलेल्यांना चांगलं हत्यार आणि सराव मिळत नव्हता, ही २००८ ची मूळ तक्रार होती. 'घरी जातानाही पिस्तूल द्या' ही वेगळी मागणी आहे आणि तिला २६/११ चा पुरावा जोडणं मला पटत नाही.

पिस्तूल घरी आलं की

आता त्या हवालदाराच्या घरात जाऊ. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत पोलिसांच्या पिढ्या राहिल्या. १९२० च्या दशकातल्या या चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. आईवडील, मुलं, अभ्यासाची वही, गॅस, देव्हारा, पाहुणा आला तर त्याची वळकटी, सगळं तेवढ्यात. पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांचा ताबा वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये द्यायला सुरुवात झाली, बाकीच्यांची वाट अजून चालू आहे. अशा खोलीत भरलेलं पिस्तूल ठेवायचं कुठे? कपाटाला कुलूप लावलं तरी किल्ली कुठे आहे ते घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

घरातल्या शस्त्राचा धोका दरोडेखोराला असतो तसाच घरच्यांनाही असतो. वरळीत २२ एप्रिल २००६ च्या सकाळी प्रमोद महाजन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या सख्ख्या भावाच्या परवानाधारी पिस्तुलातून. जुलै २०२३ मध्ये रजेवर पुण्यातल्या घरी आलेल्या अमरावतीच्या एका सहायक पोलीस आयुक्ताने पत्नी आणि पुतण्याला गोळ्या घालून स्वतःचंही आयुष्य संपवलं. प्राथमिक तपासानुसार पिस्तूल खासगी परवान्याचं होतं. ११ मे २०१८ रोजी माजी एटीएस प्रमुख हिमांशु रॉय यांनी दक्षिण मुंबईतल्या राहत्या घरी स्वतःवर गोळी झाडून घेतली. ते कर्करोगाशी झुंजत होते आणि दीर्घ वैद्यकीय रजेवर होते. मुंबईने पाहिलेल्या सगळ्यात कणखर अधिकाऱ्यांपैकी ते एक.

ही उदाहरणं पोलिसांना बदनाम करण्यासाठी नाहीत. झोप नाही, सुट्टी नाही, मुलांच्या शाळेत जायला वेळ नाही, अशा नोकरीत मनावर काय साचतं हे पोलीस लाइनमध्ये वाढलेल्या कोणालाही विचारा. मनाने खचलेल्या माणसाच्या हाताशी बंदूक असली, तर एका वाईट रात्रीतून सावरायची संधीच मिळत नाही. शस्त्र जमा करून घरी जाण्याचा नियम हत्याराचा हिशेब ठेवण्यासाठी केला गेला, पण तो नकळत पोलिसाचाही जीव सांभाळतो. (तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी अशा अवस्थेत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येतं.)

प्रशिक्षण आहे, म्हणजे धोका नाही, हा युक्तिवाद ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई सेंट्रल एक्स्प्रेसमध्ये कोसळला. रेल्वे सुरक्षा दलाचा कॉन्स्टेबल, ड्युटीवर, सरकारी रायफल हातात. सहायक उपनिरीक्षक टीकाराम मीना आणि तीन प्रवाशांना गोळ्या घालून ठार केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. तो तर कागदोपत्री पूर्ण पात्र होता.

गर्दीत गोळी सुटली तर?

२९ सप्टेंबर २०१७ ला परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. गोळी सुटली नव्हती, स्फोट झाला नव्हता. पाऊस आणि गर्दी एवढंच पुरलं. आता लालबागच्या राजाच्या रांगेत किंवा विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीवर साध्या कपड्यातल्या कोणीतरी खिसेकापूवर पिस्तूल रोखलं, अशी कल्पना करा. ते रोखणारा निवृत्त फौजदार आहे, हे मागच्या हजार माणसांना कसं कळणार? सप्टेंबर २०२२ मध्ये प्रभादेवीत दोन शिवसेना गटांच्या राड्यात गोळीबाराचा आरोप झाला. तेव्हाचे आमदार सदा सरवणकर यांनी तो नाकारला, त्यांचं परवानाधारी पिस्तूल पोलिसांनी तपासणीसाठी घेतलं. एका गोळीचा उगम शोधायलाही प्रयोगशाळा लागते, असा हा भाग.

गर्दीच काय, पोलिसांनाही पोलीस ओळखू येत नाही. न्यूयॉर्कमध्ये २८ मे २००९ ला ओमर एडवर्ड्स हा तरुण पोलीस ड्युटी संपवून निघाला होता. गाडी फोडणाऱ्याच्या मागे तो पिस्तूल काढून धावला. समोरून आलेल्या पोलीस पथकाने त्यालाच गुन्हेगार समजून गोळ्या घातल्या.

निवृत्त पोलिसाने गोळी झाडलीच, तर त्याला कायद्याचं कवच कोणतं? भारतीय न्याय संहितेतला स्वसंरक्षणाचा अधिकार. तोच आणि तेवढाच, जो भाजीवाल्यालाही आहे. डोळ्यांसमोर गंभीर गुन्हा घडला तर तो गुन्हेगाराला पकडून पोलिसांच्या ताब्यात देऊ शकतो. तेही कोणीही नागरिक करू शकतो. अंगात मुरलेली सवय मात्र पोलिसाची असते, आणि अडचण तिथेच आहे. कायदा त्याला नागरिक म्हणतो, त्याचे हातपाय अजून फौजदार असतात.

मग आज एखाद्या निवृत्त पोलिसाला खरंच धोका असेल तर?

सरसकट मुभा नको, असं माझं मत हा लेख लिहिताना पक्कं झालं. पण धोका असलेल्याला ताटकळत ठेवणंही तितकंच चुकीचं आहे. नियम १२ चा रस्ता उपलब्ध आहे. अर्जात 'मी तीस वर्षं पोलिसात होतो' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या प्रकरणात काम केलं, कोणाविरुद्ध साक्ष दिली, तो आरोपी आता कुठे आहे, धमकी कधी आली आणि तिची नोंद कोणत्या ठाण्यात आहे, हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणून सेवेत असतानाच धमकीची नोंद करून ठेवणं महत्त्वाचं. बरेच जण 'आपण पोलीस, आपण काय तक्रार करायची' म्हणून ती करत नाहीत आणि निवृत्तीनंतर हात रिकामे राहतात. अर्ज नाकारला गेला तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येतं. परवाना मिळाला तर तो राष्ट्रीय डेटाबेसमध्ये स्वतंत्र क्रमांकासह नोंदला गेलाय ना, ते पाहून घ्यावं. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते, माजी पोलीस असलात तरी.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. मुंबई पोलिसांतले कितीतरी जण निवृत्तीनंतर साताऱ्याला, कोल्हापूरला, कोकणात आपापल्या गावी परततात. सामान टेम्पोत भरलं जातं, दाखले काढले जातात, पेन्शनचं खातं बदललं जातं. परवान्यावरचा पत्ता मात्र मुंबईचाच राहतो. पिस्तूल सोबत नेताना मुंबईच्या आयुक्तालयाला आणि नव्या जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याला, दोघांनाही कळवावं लागतं. ते केलं नाही तर परवान्याच्या अटींचा भंग होतो, आणि ज्याने आयुष्यभर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हे नोंदवले, त्याच्याच नावावर त्याच कायद्याचा गुन्हा नोंदला जाऊ शकतो.